चार नंबरची खिडकी, कुक्सहाफेन

परदेशी नागरिकांच्या कचेरीत
चार नंबरच्या खिडकीशी बसते मी, विब्के हार्म्स.
माझ्याकडे आडनावं ए ते एच,
आणि कुणी आजारी पडलं तर सगळीच.

समोर तुंजाय एर्सोझ, इझमीरचा.
पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कंपनीनं
तिकडच्या कारखान्यातून इकडच्या कारखान्यात पाठवलेला.
नोकरी तिकडची, काम इकडचं.
कंपनीच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात हमी:
काम संपताच सदर कर्मचारी परत जाईल.
सही, शिक्का, तारीख.
माणूस परत येईल अशी लेखी हमी
माझ्या वडिलांच्या मासेमारी जहाजानं
आईला कधी दिली नव्हती.

फोटोत हसायचं नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही.
ठसे मात्र उमटेनात.
डावी तर्जनी: यंत्र लाल.
उजवी: लाल.
मी ओला रुमाल दिला, मग मलम,
जरा दाबा, एवढं नाही, जरा कमी…
रांगेत कुणाचं तरी बाळ कंटाळून रडायला लागलं.
"बावीस वर्षं पात्यांवरून हात फिरवतोय," तो ओशाळून म्हणाला,
"काचतंतूनं सगळं घासून नेलं."

अर्जात 'विशेष कौशल्य' या रकान्यात
कंपनीनं अकरा ओळी लिहिल्या होत्या.
अर्थ एवढाच, की पात्याच्या पोटातली पोकळी,
जी डोळ्यांना दिसत नाही,
ती हा माणूस बोटांनी ओळखतो.
ज्या बोटांसाठी त्याला मागवलं
ती बोटं कुणाची, हेच आमच्या यंत्राला कळेना.

मी तंत्रविभागाला फोन लावला, पलीकडे संगीत वाजत राहिलं.
तो उभ्या उभ्या माझ्या टेबलाच्या कडेवरून
हात फिरवत होता, सवयीनं, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.
एका जागी थांबला.
"इथे आतून सुटलंय," म्हणाला. "दोन हिवाळे टिकेल."

नियमात सोय असते. ठसे नाहीत असं लिहून
कारणाचा आकडा टाकला, कार्ड आलं.

पुढच्या वर्षी मुदतवाढीला कार्ड छापून यायला उशीर झाला,
तेव्हा मधल्या काळापुरता हिरवट कागद दिला.
आमच्या कायद्यात त्या कागदाचं नावच आहे कल्पित-दाखला:
परवाना संपलेला आहे,
पण संपलेला नाही अशी कल्पना करायची.
त्यानं शब्द दोनदा वाचून घेतला.
"म्हणजे नवीन कार्ड येईपर्यंत मी गोष्टीतला माणूस?"
त्या दिवशी पहिल्यांदा हसला. फोटो काढायचा नव्हता.

तिसऱ्या वर्षी तिघं आले.
निल्गुननं घर सोडल्याचा फॉर्म भरला, नीट, छापील अक्षरांत.
मुलगी सव्वापाच वर्षांची, काउंटरखालून ओरडली, "मॉइन!"
अगदी आमच्या बंदरावरच्या कोळ्यांसारखं, पोटातून.
तिचं कार्ड बापाच्या कार्डाला बांधलेलं,
तारीख तीच.

"पुन्हा यायचं झालं तर?" त्यानं विचारलं.
मी कलम सांगितलं: सहा महिने बाहेर राहायचं,
मग नवा अर्ज, नवी फी, सगळं पहिल्यापासून.
तो निल्गुनशी तुर्कीत काही बोलला.
ती मुलीकडे बघून म्हणाली,
"तोवर हिचे पुढचे दात पडतील."
या वाक्याला माझ्याकडे रकाना नव्हता.
जाताना त्यानं खुर्ची आत सरकवली.
माझ्या खिडकीशी असं कुणी करत नाही.

जानेवारीत टेबलाची कड फुटली,
बोट ठेवलं होतं त्याच जागी.
तिसरा हिवाळा. एक जास्तच निघाला, बिचारा चुकला,
की त्यानं मला धीर देण्यासाठी… नाही, एक कमीच सांगितला.

देखभाल विभागाचा माणूस येऊन चिकटपट्टी लावून गेला.
फॉर्मवर लिहिलं: दुरुस्ती, तात्पुरती.
त्याला आता चार वर्षं झाली.
फाइल उघडण्याआधी मी
अंगठा तिच्यावरून एकदा फिरवते.
मला काही कळत नाही.